तिसऱ्या दिवसाची कळ

दाढ काढली की दुखणे संपते अशी आपली साधी समजूत असते, आणि बहुतेक वेळा ती खरी ठरते. भूल उतरल्यावर पहिल्या दिवशी ठणका लागतो, दुसऱ्या दिवशी तो ओसरू लागतो आणि आठवडाभरात जीभ त्या रिकाम्या जागेला सरावते. काही जणांच्या बाबतीत मात्र दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, म्हणजे सारे मार्गी लागले असे वाटत असतानाच, नव्याने कळ उठते. ती कानापर्यंत, कानशिलापर्यंत पोचते. रात्री झोप लागू देत नाही. तोंडाला घाण चव येते, वास येतो. आरशात पाहावे तर गालावर सूज नाही, पू नाही, अंगात तापही नाही. दंतवैद्याला दिसते ती एक रिकामी खोबण आणि तिच्या तळाशी उघडे पडलेले हाड. सळईचे टोक त्या हाडाला नुसते टेकले तरी रुग्ण कळवळतो. दंतवैद्यकात या विकाराला ‘ड्राय सॉकेट’, म्हणजे कोरडी खोबण, असे नाव आहे.

हा विकार तसा किरकोळच म्हणावा लागेल. तो जिवावर बेतत नाही आणि बहुधा आठवड्या-दीड आठवड्यात आपोआप निवळतो. साध्या दंतोत्पाटनानंतर तो शंभरात एक ते पाच जणांना होतो असे सर्वसाधारणपणे मानतात. खालच्या जबड्यातील अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढल्यास हे प्रमाण बरेच वाढते. काही अभ्यासांत ते तीस टक्क्यांच्या आसपास गेलेले आहे. वैद्यकाच्या इतिहासात प्लेग, देवी आणि कॉलरा यांच्यावर जेवढे लिहिले जाते त्याच्या तुलनेत या विकाराच्या वाट्याला एखादी ओळही येत नाही. तरीही त्याच्या सव्वाशे वर्षांच्या प्रवासात एक असा प्रश्न दडला आहे की जो मोठमोठ्या रोगांच्या इतिहासात इतका उघडा होऊन दिसत नाही. जो आजार आपोआप बरा होतो, त्यावर कोणते औषध लागू पडले हे ओळखायचे कसे?

आधी निरोगी खोबणीत काय घडते ते पाहू. दात उपटला की त्याच्या मुळांच्या जागी जबड्याच्या हाडात खड्डा राहतो. तो रक्ताने भरतो आणि थोड्याच वेळात त्या रक्ताची गुठळी होते. रक्तातील फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे बारीक तंतू एकमेकांत गुंतून जाळे विणतात आणि रक्तपेशी त्या जाळ्यात अडकतात. ही गुठळी दोन कामे करते. ती उघड्या हाडावर पांघरूण घालते आणि नव्या पेशींना चढून येण्यासाठी परांचीसारखी उभी राहते. त्या परांचीवर आधी मांसांकुर येतात आणि पुढे काही आठवड्यांत नवे हाड तयार होऊ लागते. कोरड्या खोबणीत ही गुठळी एक तर नीट धरत नाही किंवा धरूनही वेळेआधीच विरघळून जाते. हाड उघडे पडते आणि तोंडातील हवा, लाळ, अन्न व जंतू थेट त्याच्याशी भिडतात.

म्हणजे हा विकार ओळखायचा तो एका अभावावरून. जे असायला हवे ते तिथे नाही, एवढीच त्याची खूण. इथेच जुन्या वैद्यकाची अडचण झाली असावी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार सेल्ससने दाहाच्या चार खुणा नोंदवल्या : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. पुढची दीड-दोन हजार वर्षे वैद्य या चार खुणांच्या आधारे दाह ओळखत आले. कोरड्या खोबणीत यांपैकी चौथी खूण अतिशय प्रखर असते आणि पहिल्या तीन जवळजवळ नसल्यासारख्याच असतात. उरते ते रुग्णाचे सांगणे, आणि दात काढून झाल्यावर रुग्ण जे सांगतो ते ‘जखम आहे, दुखणारच’ असे म्हणून बाजूला सारणे सोपे असते.

प्राचीन वैद्यांचे भय वेगळे होते. सुश्रुतसंहितेत वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो उपटू नये अशी सूचना आहे. अतिरक्तस्रावाने दृष्टी जाण्याचा आणि तोंड वाकडे होण्याचा धोका तिथे सांगितला आहे. त्यातील कार्यकारणसंबंध आज मान्य होणार नाही, परंतु भय कशाचे होते ते स्पष्ट दिसते : रक्त थांबले नाही तर काय? रक्त थांबले, गुठळी झाली आणि तीच टिकली नाही तर काय, हा प्रश्न पडायला त्या रक्तस्रावाच्या धास्तीतून मोकळीक मिळावी लागते.

दुसरी मोकळीक वेदनेपासून हवी होती. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेत दात काढण्यासाठी किल्लीसारखे एक हत्यार वापरीत. त्याचा आकडा दातावर अडकवून मूठ पिळली की दात आडवा होऊन बाहेर येई, आणि पुष्कळदा शेजारचे हाडही सोबत घेऊन येई. इंग्लंडमध्ये जॉन टोम्स यांनी १८४० च्या दशकाच्या आरंभी प्रत्येक दाताच्या मानेच्या आकाराबरहुकूम चिमटे घडवून घेतले आणि ही मोडतोड कमी झाली. डिसेंबर १८४४ मध्ये हार्टफर्डच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. १८४६ मध्ये विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने बॉस्टनमध्ये ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक घडवले. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनचा स्थानिक भुलीसाठी उपयोग दाखवून दिला आणि लवकरच जबड्याची मज्जातंतूच बधिर करणे शक्य झाले. याच सुमारास व्हल्कनाइट रबराच्या स्वस्त कवळ्या बाजारात आल्यामुळे किडके दात राखण्यापेक्षा सगळे काढून टाकणेच अनेकांना परवडू लागले. भूल आणि कवळी या दोहोंनी मिळून दंतोत्पाटन ही नित्याची गोष्ट केली.

माझा तर्क असा आहे की कोरडी खोबण दिसू लागली ती या बदलामुळे. हाड फोडून दात ओढला जात होता तोवर तिसऱ्या दिवसाची कळ पहिल्या दिवसाच्या यातनांत मिसळून जात असणार. दात काढणे जवळजवळ वेदनारहित झाले, तेव्हा उशिरा उठणारी ही वेदना वेगळी उठून दिसली. दुखण्याचाही एक काळक्रम असतो, आणि या विकाराची ओळख पटते ती त्या काळक्रमावरूनच.

१८९६ मध्ये अमेरिकेतील ‘डेंटल कॉसमॉस’ या नियतकालिकात जे. वाय. क्रॉफर्ड यांनी ‘ड्राय सॉकेट’ याच शीर्षकाने लेख लिहिला. या विकाराचा पहिला नामनिर्देश म्हणून त्याच लेखाचा दाखला देतात. आदल्याच वर्षी रंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला होता आणि शरीराच्या आत डोकावण्याचे युग सुरू होत होते. क्रॉफर्ड यांनी दिलेले नाव मात्र नुसत्या डोळ्यांना जे दिसते तेवढेच सांगणारे आहे. काटेकोरपणे पाहिले तर ते अचूकही नाही, कारण लाळेने भिजलेल्या तोंडात कोणतीच खोबण कोरडी राहत नाही. परंतु ते कारणाविषयी काहीच दावा करीत नाही, आणि पुढील इतिहास पाहता हेच त्याचे बळ ठरले.

त्यानंतरच्या नावांनी असा संयम पाळला नाही. कोणी त्याला हाडाचा स्थानिक दाह म्हटले, कोणी सेप्टिक खोबण, कोणी मृत अस्थीची खोबण; युरोपात ‘अल्व्हिओलायटिस सिका डोलोरोसा’ असे लॅटिन नामाभिधानही रूढ झाले. प्रत्येक नावाच्या पोटात एकेक उपपत्ती होती आणि प्रत्येक उपपत्तीच्या हातात एकेक उपचार. जंतुसंसर्गच मूळ मानणाऱ्यांनी जंतुनाशके भरली. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, रदरफर्ड मॉरिसन या इंग्रज शल्यवैद्याने सैनिकांच्या जखमांसाठी बिस्मथ, आयडोफॉर्म आणि पॅराफिन यांचा लेप वापरात आणला. रणभूमीवरची ती पिवळी पट्टी पुढे दंतवैद्यांच्या खुर्चीपाशीही आली. खोबणीत रक्त नाही हाच दोष असे समजणाऱ्यांनी हाड खरवडून नवे रक्त आणायचे ठरवले. आधीच उघड्या पडलेल्या हाडाला खरवडल्याने दुखापत वाढते आणि थोडीफार भरत आलेली जखमही उपटली जाते, हे ध्यानात यायला बराच काळ लागला. आज हा प्रकार टाळावा असेच सांगतात.

या सगळ्यांत सर्वांत दीर्घायुषी ठरली ती लवंग. दाढ दुखली की लवंग चावून धरावी किंवा लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवावा, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. लवंगेच्या तेलातील युजेनॉल मज्जातंतूंना तात्पुरते शांत करते. झिंक ऑक्साइडबरोबर त्याचा लेप करून किंवा आयडोफॉर्म व स्थानिक भुलीचे औषध यांच्यासह तंतुमय लगद्यात मिसळून ते शतकभर कोरड्या खोबणीत भरले जात आहे. आराम लवकर पडतो यात शंका नाही. परंतु तीव्र मात्रेत युजेनॉल पेशींना दाहक ठरते, आणि खोबणीत ठेवलेली कोणतीही परकी वस्तू नव्या ऊतीची वाट अडवते. वेदना शमवणे आणि जखम भरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी दिलेल्या औषधाला दुसरीचेही श्रेय मिळत गेले, आणि या इतिहासातील गोंधळाचे एक मूळ इथे आहे.

दरम्यान दात काढण्याची एक लाटच आली. १९१० मध्ये माँट्रियल येथे विल्यम हंटर या लंडनच्या वैद्याने दातांतील दडलेला जंतुदोष साऱ्या शरीराला रोगी करतो असे प्रतिपादन केले. त्यातून फोफावलेल्या ‘केंद्रस्थ संसर्गा’च्या मताने पुढची दोन-तीन दशके संधिवातापासून वेडापर्यंत अनेक व्याधींसाठी दात काढले गेले, न्यू जर्सीतील ट्रेन्टनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन याने ते टोकाला नेले. दात काढण्याची संख्या वाढली की त्यानंतरच्या उपद्रवांची संख्याही वाढणार हे उघड आहे, आणि लेपांची संख्याही त्याच मानाने.

विकाराच्या आतील यंत्रणेवर प्रकाश पडला तो दंतवैद्यकाच्या बाहेरून. १९३३ मध्ये अमेरिकेत टिलेट आणि गार्नर यांना असे आढळले की काही स्ट्रेप्टोकॉकस जंतू फायब्रिनचे जाळे विरघळवतात. १९४७ मध्ये कोपनहेगनच्या ॲस्ट्रप आणि परमिन यांनी दाखवले की हे सामर्थ्य प्राण्यांच्या स्वतःच्या ऊतींतही असते. रक्त गोठवणारी यंत्रणा शरीरात आहे, तशीच गोठलेले विरघळवणारीही आहे. अखंड चाललेल्या या विणण्या-उसवण्यावरच जीवन टिकते. १९७३ मध्ये बिर्न या डॅनिश संशोधकाने हे ज्ञान खोबणीला लावले. दात काढताना हाडाला आणि त्यातील मज्जेला इजा झाली की ऊतींतून काही द्रव्ये सुटतात; ती रक्तातील प्लाझ्मिनोजेनचे प्लाझ्मिन करतात; प्लाझ्मिन गुठळी विरघळवते आणि त्याच ओघात वेदना उत्पन्न करणारी कायनिन ही द्रव्येही तयार होतात. गुठळी नाहीशी होणे आणि कळ उठणे या दोन्ही लक्षणांचा उलगडा एकाच साखळीने झाला. हृदयविकाराच्या झटक्यात रोहिणीतील गुठळी विरघळवण्यासाठी जी प्रक्रिया आज औषधाने मुद्दाम घडवून आणतात, तीच इथे नको त्या जागी, नको त्या वेळी घडते.

बिर्न यांच्या उपपत्तीने काही विखुरलेली निरीक्षणेही जुळवली. १९६० मध्ये अमेरिकेत संततिनियमनाच्या गोळीला मान्यता मिळाली, आणि १९७० च्या दशकात ही गोळी घेणाऱ्या स्त्रियांत कोरड्या खोबणीचे प्रमाण अधिक असल्याचे अहवाल येऊ लागले. इस्ट्रोजेनमुळे गुठळी विरघळवणारी यंत्रणा अधिक कार्यक्षम होते हे त्याचे संभाव्य कारण. स्त्रिया दुखण्याचा बाऊ करतात, अशी समजूत दवाखान्यांतही वावरत असते. त्या समजुतीला इथे रसायनशास्त्राने उत्तर दिले. १९७९ मध्ये स्वीट आणि बटलर यांनी धूम्रपान आणि हा विकार यांचा संबंध दाखवला. दाढ जितकी अवघड आणि काढताना इजा जितकी जास्त तितका धोका मोठा, हेही त्याच सूत्रात बसले.

एवढी सुसंगत उपपत्ती हाती आल्यावर तिच्यावरून औषधही सापडेल अशी अपेक्षा होती. गुठळी विरघळते ना? मग विरघळण्याला अटकाव करणारे द्रव्य खोबणीत ठेवावे. १९६० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो यांनी ट्रॅनेक्सॅमिक आम्ल शोधले होते आणि ते इतरत्र रक्तस्राव थांबवण्यासाठी मोलाचे ठरले. खोबणीत मात्र अशा द्रव्यांनी अपेक्षित यश दिले नाही. कारण कळले म्हणून उपाय सापडतोच असे नाही, हा वैद्यकातला जुना धडा इथे पुन्हा गिरवावा लागला.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. समजा, कळ उठल्यावर चौथ्या दिवशी रुग्ण दंतवैद्याकडे गेला. त्याने खोबण धुऊन एक लेप भरला, दोन दिवसांनी बदलला, पुन्हा दोन दिवसांनी बदलला. दहाव्या दिवशी रुग्ण बरा झाला. दंतवैद्याचा लेपावर विश्वास बसला, रुग्णाचा दंतवैद्यावर. पण लेप भरला नसता तरी दहाव्या दिवशी रुग्ण बहुधा बराच झाला असता. शेजारच्या गावातील दंतवैद्य दुसराच लेप भरत असेल तर त्याचाही अनुभव हाच आणि श्रद्धाही इतकीच गाढ. दोघेही खोटे बोलत नाहीत; पण तुलनेशिवाय त्यांच्या अनुभवाची किंमत ठरत नाही. आपोआप बऱ्या होणाऱ्या आजाराला प्रत्येक औषध लागू पडते.

तुलना करायची तर आधी सर्वजण एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत याची खात्री हवी. २००२ मध्ये आय. आर. ब्लम यांनी तोवरच्या साहित्याचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना या एका विकाराच्या सतरा निरनिराळ्या व्याख्या आढळल्या. त्यांनी सुचवलेली व्याख्या पुन्हा काळक्रम आणि दृश्य यांकडे वळते : दात काढल्यानंतर एक ते तीन दिवसांत त्या जागी वाढत जाणारी वेदना, सोबत अंशतः किंवा पूर्णतः नाहीशी झालेली गुठळी, दुर्गंधी असेल वा नसेल. २०१२ मध्ये कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात निकषांना उतरलेल्या एकवीस चाचण्यांपैकी अठरा प्रतिबंधाविषयी होत्या आणि उपचाराविषयी अवघ्या तीन. दात काढण्यापूर्वी व नंतर क्लोरहेक्सिडिनच्या चुळा भरल्याने किंवा त्याचा जेल खोबणीत ठेवल्याने विकाराचे प्रमाण घटते, इतपत आधार मिळाला. विकार जडल्यावर कोणता लेप श्रेष्ठ, हे सांगण्याजोगा पुरावा मिळाला नाही. २०२२ मध्ये आढावा नव्याने झाला, चाचण्या वाढल्या, पण उपचारांविषयीची अनिश्चितता फारशी हटली नाही.

यात बिघडले काय, लेप भरला तर नुकसान कोणते, असे कोणी विचारील. याच क्लोरहेक्सिडिनने कोरडी खोबण धुतल्यानंतर तीव्र ॲलर्जी होऊन ब्रिटनमध्ये दोन रुग्ण दगावले आणि २०१२ मध्ये ‘ब्रिटिश डेंटल जर्नल’ने त्याची दखल घेतली. असे क्वचितच घडते. परंतु जो विकार कोणाचा जीव घेत नाही त्याच्या उपचारात जीव जावा, हे प्रमाण क्वचित म्हणून विसरता येण्याजोगे नाही. तेव्हापासून धुण्यासाठी साधे मिठाचे निर्जंतुक पाणी पुरे, असा सल्ला बळावला. अँटिबायोटिकची गोष्टही तशीच. अवघड दाढा काढताना आधी दिलेल्या अँटिबायोटिकने या विकाराचे प्रमाण काहीसे घटत असेलही. पण एकदा खोबण कोरडी पडल्यावर, ताप आणि सूज नसताना, त्या गोळ्या कळ थांबवीत नाहीत. आपल्याकडे दुखणे आणि अँटिबायोटिक यांची सांगड इतकी घट्ट आहे की रिकाम्या हाताने परत पाठवणारा दंतवैद्य रुग्णाला निष्काळजी वाटतो. त्या अनावश्यक गोळ्यांची किंमत मात्र जंतू औषधांना दाद देईनासे झाल्यावर भलताच कोणी मोजतो.

म्हणून आजचा उपचार इतिहासाच्या मानाने नम्र आहे. मुळाचा तुकडा राहिला नाही ना, हे पाहायचे, खोबण कोमट सलाइनने हळुवार धुवायची, खरवडायची नाही, पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके रुग्णाला मानवतील अशी आणि पुरेशा मात्रेत द्यायची, कळ असह्य असेल तर शामक लेप काही काळ ठेवायचा आणि त्याने आराम मिळतो, जखम भरत नाही, हे लक्षात ठेवायचे. रुग्णाने पहिल्या दिवशी जोराने चुळा भरू नयेत, तंबाखू व धूम्रपान टाळावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे आठवड्याभरात निवळेल असे त्याला स्पष्ट सांगायचे.

या शेवटच्या वाक्याला एक जोडकलम आहे : निवळले नाही तर परत या. कारण न भरणारी प्रत्येक खोबण ‘ड्राय सॉकेट’ नसते. एकोणिसाव्या शतकात आगपेट्यांच्या कारखान्यांतील कामगारांचे जबडे पिवळ्या फॉस्फरसच्या वाफांनी कुजत आणि अनेकदा त्याची पहिली खूण दात काढल्यावर न भरणारी जखम हीच असे. लंडनच्या ब्रायंट अँड मे कारखान्यातील मुलींनी १८८८ मध्ये केलेल्या संपाच्या पार्श्वभूमीवर हा रोगही होता, आणि १९०६ च्या बर्न करारानंतर त्या फॉस्फरसवर देशोदेशी बंदी येत गेली. २००३ मध्ये रॉबर्ट मार्क्स यांनी बिस्फॉस्फोनेट औषधे घेणाऱ्यांत तसेच उघडे, मृत हाड दिसत असल्याचे नोंदवले. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात काळ्या बुरशीने अनेकांचे जबडे गेले. हलू लागलेले दात आणि न भरणारी खोबण ही तिची एक खूण होती. तंबाखू आणि मशेरीच्या आपल्या प्रदेशात तर आठवड्यांनंतरही न भरलेल्या खोबणीमागे कर्करोग नाही ना, हे तपासलेच पाहिजे. तोंड उघडेनासे झाले, गिळता येईना, हनुवटीखाली सूज आली किंवा ताप चढला, तर ते दुखणे वेगळे आहे आणि तिथे तासांचा हिशेब असतो. आपोआप बरे होणारे दुखणे ओळखता आले तरच आपोआप बरे न होणारे वेळीच वेगळे काढता येते.

सव्वाशे वर्षांत या विकाराला अनेक विद्वत्ताप्रचुर नावे मिळाली. परिषदांत आणि ग्रंथांत ती अजूनही आहेत. दवाखान्यात मात्र दंतवैद्य क्रॉफर्ड यांचेच दोन साधे शब्द उच्चारतो. त्या शब्दांत कारण नाही, उपाय नाही. डोळ्यांना काय दिसले एवढेच आहे. बाकीचे, म्हणजे कळ कधी उठली, कुठवर गेली, आज कालच्यापेक्षा कमी आहे की जास्त, हे सारे रुग्णालाच विचारावे लागते. या विकाराचे निदान आजही त्या उत्तरावर अवलंबून आहे.